ढाळ लागले म्हणून बाळाचं दूध तोडू नकोस

पत्र

नर्सबाई, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात राहते. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. अजून तिला वरचं काही दिलेलं नाही, फक्त अंगावर पिते. परवापासून तिला ढाळ लागलेत. दिवसातून आठ-नऊ वेळा पाण्यासारखी शी होते, दोनदा उलटीही झाली. अंगात कणकण आहे आणि नाक गच्च झालंय. धड पिईना झालीय, दोन घोट घेते आणि तोंड फिरवून रडते. सासूबाई म्हणतात, तुझं दूधच बाधलंय, दोन दिवस बंद कर आणि साबुदाण्याचं पाणी घाल. मलाही काल रात्रीपासून ताप आहे, त्यामुळे त्या जास्तच घाबरल्यात. शेजारच्या काकूंनी मेडिकलमधून सफरचंदाच्या चवीचा एक खोका आणून दिला, ते पण ओआरएसच म्हणे. आमचे हे गोव्याला कामावर आहेत. बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतंय की नाही हे मला कसं कळणार? आणि दूध बंद करू की नको?

— एक आई

उत्तर

पोरी,

तुझं पत्र मोबाइलवर आलं त्याच रात्री मी तुला फोन केला. ढाळ लागलेल्या बाळाच्या आईला हे सदर छापून येईपर्यंत थांब म्हणता येत नाही. तेव्हा घाईत जे बोलले ते आता सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे पहिला पाऊस पडून विहिरीचं पाणी गढूळ झालं की अशी पत्रं एकामागोमाग येतात, आणि तुझ्या घरात जे चाललं होतं ते कणकुंबीपासून निपाणीपर्यंत बऱ्याच घरांत चाललेलं असतं.

फोनवर मी पहिलं काय विचारलं ते आठवतंय? "सकाळपासून नुसत्या शूनं ओले झालेले लंगोट किती?" तू म्हणालीस, दोन. मग मी विचारलं, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, चमच्यानं दिलं तर गिळते का, टाळू कशी दिसते. तू म्हणालीस, चमचा तोंडाला लावला की अधाशासारखी ओढते, टाळू थोडी खाली गेलीय. त्यावरून मला कळलं की पाणी कमी पडलंय, पण बाळ अजून हातातलं गेलेलं नाही. म्हणून तुला रात्रीच तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं. तू गेलीस, हे फार चांगलं केलंस.

तिथे त्यांनी सलाईन लावलं नाही म्हणून सासूबाई नाराज झाल्या, असं तू दुसऱ्या दिवशी सांगितलंस. त्यांना माझ्या वतीनं सांग की डॉक्टरांनी बरोबर तेच केलं. पाणी थोडं कमी झालेल्या आणि गिळू शकणाऱ्या बाळाला वजनाच्या दर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस, म्हणजे साखर-मिठाच्या पुडीचं पाणी, चार तासांत चमच्या-चमच्यानं द्यायचं, मधून मधून अंगावर पाजायचं आणि मग पुन्हा तपासायचं, अशी रीत आहे. तुझी लेक सहा किलोची, म्हणजे ४५० मिलिलिटर झालं. बाळ ग्लानीत असेल, काहीच गिळत नसेल किंवा दिलेलं सगळं ओकत असेल, तेव्हा सलाईन लागतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली होती. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजायला लावलं, आणि मरणारी माणसं वाचली. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. सुईतून गेलेलं औषध तेवढं खरं, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. पण चमच्यानं दिलेलं हे पाणी तितकंच खरं औषध आहे.

आता दुधाचं.

दूध बाधत नाही. सासूबाईंना असं का वाटतं ते मला कळतं, आणि त्यांना मी खोटं पाडत नाही. त्यांनी पूर्वी पाहिलेलं असतं की दूध बंद केलं की शी कमी होते. ते खरंच घडतं. पण पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय पडणार? शी थांबली म्हणून घरातली माणसं निर्धास्त होतात आणि बाळ आतून सुकत जातं. ढाळानं मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. शी किती वेळा झाली यापेक्षा गेलेलं पाणी भरून निघालं की नाही, हे बघायचं असतं.

आईच्या दुधात साधारण ८७-८८ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात साखर, क्षार, स्निग्धांश आहेत आणि रोगाशी लढणारी द्रव्यं आहेत. तुला ज्या जंतूंनी ताप आला, त्यांच्याविरुद्ध तुझं शरीर जे तयार करतंय, त्यातलं थोडं दुधावाटे लेकीला मिळतंय. म्हणजे तुझ्या तापात तुझं दूध तिला जास्तच उपयोगाचं आहे. तुझ्या तापाचा धोका दुधातून नाही, हातांतून आणि खोकल्यातून आहे. म्हणून पाजण्याआधी साबणानं हात धू आणि खोकला असेल तर तोंडाला रुमाल बांध. तापाला साधी पॅरासिटामॉल अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते. दुसरं कुठलंही औषध घेताना मात्र डॉक्टरांना आधी सांग की मी पाजतेय.

तू लिहिलंस त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: बाळ पीतच नसेल तर पाजायचं कसं? "अंगावर पाजत राहा" एवढं सांगून मोकळं होणं सोपं आहे. रडून तोंड फिरवणाऱ्या लेकराला रात्री दोन वाजता छातीशी घेऊन बसलेल्या आईला त्याचा काय उपयोग?

आधी नाक बघ. एवढं लहान मूल बहुतेक वेळा नाकानंच श्वास घेतं. नाक गच्च असलं की चोखताना त्याचा जीव घुसमटतो, म्हणून दोन घोट घेतं आणि सोडून रडतं. तुला वाटतं दूध नकोय. तिला दूध हवंय, श्वास मिळत नाही. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, सलाईनचे. पाजण्याआधी पाच मिनिटं दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब घाल आणि मऊ फडक्याच्या टोकानं पुसून घे. नाकात तेल घालू नकोस, लसणाचं नाही, खोबऱ्याचंही नाही. तेल सरकून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. आणि सर्दीवर वेखंड-ओव्याची धुरी देतात ती या दिवसांत नको. नाक आधीच बंद, त्यात धूर.

मग तिला आडवी न धरता जरा उभी धरून पाज, डोकं वर, पोट तुझ्या पोटाला लागलेलं. दर तासा-दोन तासांनी छातीशी घे, पाच मिनिटं प्यायली तरी चालेल. एकदाच भरपूर पाजण्यापेक्षा थोडं थोडं पाजलेलं उलटीतही टिकतं. आजारी मूल पुरतं जागं असताना कुरकुर करतं, पण डोळे मिटायला लागले की मुकाट्यानं चोखतं, तेवढी वेळ साध. तिच्या अंगावरचं टोपरं, कुंची, दुपटी काढ आणि उघड्या अंगानं तुझ्या उघड्या छातीशी धर. पांघरूण दोघींवरून घे. मायेची ऊब मिळते, वास मिळतो आणि चोखायची आठवण होते. ताप असलेल्या बाळाला तीन-तीन कपड्यांत गुंडाळणं तसंही बरं नाही, ताप आणखी चढतो आणि ताप एक अंश सेल्सियसनं वाढला की अंगाची पाण्याची गरजही साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढते.

एवढं करूनही ओढत नसेल तर हातानं दूध काढ. वाटी आणि चमचा दहा मिनिटं उकळून घे. पाठ शेकून, खांदे सैल सोडून बस. अंगठा वरती आणि बोटं खालती ठेव, बोंडापासून दोन बोटं मागे. आधी छातीकडे मागे दाब, मग पुढे आण. बोंड ओढायचं नाही, चोळायचं नाही. पहिल्या मिनिटात काहीच येणार नाही, घाबरू नकोस. लेकीकडे बघत राहा, पान्हा सुटतो. ते दूध चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाज. घराघरांत फळीवर एखादं बोंडलं असतंच. त्याचा चोचीसारखा भाग आतून घासून, उकळून घेतलास तर बाटलीपेक्षा शंभर पटीनं चांगलं. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही आणि ढाळाचं मूळ बहुतेकदा तिथेच निघतं. काढलेलं दूध झाकून ठेवलं तर चार तासांच्या आत संपव. आणखी एक, दूध काढत राहिलीस तर तुझा पान्हाही आटत नाही. दोन दिवस तोडलंस तर लेक बरी झाल्यावर मागेल तेव्हा पुरेसं नसेल.

आता तो सफरचंदाचा खोका. काकूंनी मायेनं आणला, त्यांना दोष देऊ नकोस. पण तो बाजूला ठेव. अशा पेयांत साखर फार आणि मीठ फार कमी. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि ढाळ वाढतात. या नावाच्या गोंधळात इतकी मुलं सापडली की २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांच्या नावात "ओआरएस" हा शब्द वापरायला बंदी घातली. खरी पुडी ओळखायची कशी? मागे वाच. एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

साखर आणि मीठ ठरलेल्या मापात एकत्र असलं की आतड्याच्या आतल्या अस्तरात साखर मिठाला आत ओढते आणि मिठाच्या मागे पाणी जातं. ढाळ चालू असतानाही हा रस्ता उघडा असतो. सगळी किमया त्या मापात आहे. माप चुकलं की औषध राहत नाही.

हे मी माझ्या चुकीतून शिकले, म्हणून सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात पुड्या वाटत होते. एका आईच्या हातात पुडी दिली आणि म्हटलं, "पाण्यात कालवून पाज." किती पाण्यात ते सांगायचं राहिलं. मागचं सगळं कन्नडात आणि इंग्रजीत छापलेलं, तिला मराठी तेवढी वाचता यायची, आणि मला ते सुचलं नाही. तिनं एक लिटरची पुडी तांब्यातल्या पेलाभर पाण्यात कालवली. दुसऱ्या दिवशी बाळ चिडचिडं, तहानेनं वेडंपिसं, ताप चढलेला. मिठाचा भार झाला होता. बेळगावला नेलं, चार-पाच दिवस ठेवलं, वाचलं. त्या आईनं मला काही बोललं नाही, पण मी ते विसरले नाही. तेव्हापासून पुडी देताना मी बाटलीही समोर ठेवते आणि आईला कालवून दाखवायला सांगते.

तर नीट लक्ष दे. एक लिटरची पाण्याची मोकळी बाटली स्वच्छ धू. पाणी उकळून गार कर, बाटली काठोकाठ भर, एका भांड्यात ओत आणि अख्खी पुडी त्यात टाक. अर्धी पुडी नको, अंदाजानं नको. काही पुड्या २०० मिलिलिटरच्या छोट्या असतात, त्यावरचा आकडा वाचून तेवढंच पाणी घ्यायचं. त्यात वर साखर, दूध, लिंबू काही घालू नकोस. कालवल्यावर उकळू नकोस. चोवीस तासांनी उरलेलं टाकून दे आणि नवीन कर. द्यायचं किती? दोन महिन्यांपुढच्या आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर. चहाच्या चमच्यानं मोजलं तर दहा ते वीस चमचे. आधी अंगावर पाज, मग हे. एका मिनिटाला एक चमचा, घाई नाही. ओकली तर दहा मिनिटं थांब आणि मग दोन-तीन मिनिटांना एक चमचा या गतीनं पुन्हा सुरू कर. उलटी झाली म्हणून देणं थांबवतात, तिथेच चूक होते. ओकलेल्यापेक्षा आत राहिलेलं बहुतेक वेळा जास्त असतं.

ओआरएस ढाळ-उलटीचं औषध आहे. नुसती सर्दी आणि ताप असलेल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला ते लागत नाही, त्याला दूध जास्त वेळा द्यायचं एवढंच. आणि साधं पाणी? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बेळगावच्या मे महिन्यातल्या उन्हातही वेगळं पाणी लागत नाही. दुधात ते आहे. लहान जिवाला वाट्या-वाट्या साधं पाणी दिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि फिट येऊ शकते, शिवाय पोट पाण्यानं भरलं की दूध कमी जातं. साबुदाण्याचं पाणी, ग्लुकोजचं पाणी, शहाळं, यांतलं काहीच साडेचार महिन्यांच्या बाळाला नको. ढाळ थांबवणाऱ्या गोळ्या तर लहान मुलांना मुळीच नाहीत.

गुटीबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण गुटी आपल्या आज्यांच्या हातची आहे आणि तिच्यामागे माया आहे. पण आजारपणात ती बंद ठेव. सहाण धुतलेली असते का, पाणी कुठलं, जायफळाचे वेढे किती घातले, यांतलं काहीच मोजलेलं नसतं. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं. गुंगलेलं बाळ आणि पाणी कमी पडून मलूल झालेलं बाळ, दोन्ही दिसायला सारखीच. घरातल्यांना वाटतं बरं वाटलं म्हणून झोपलंय. मध तर वर्षाच्या आत कधीच नको. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, मीठ-मोहऱ्यांनी काही बिघडत नाही, फक्त त्यापायी दवाखान्यात जायला उशीर होऊ देऊ नका. टाळू खाली गेली म्हणून ती "उचलून" घ्यायला, तोंडात बोट घालून टाळा दाबायला कुणाकडे नेऊ नका. टाळू खाली जाते ती आतलं पाणी कमी झाल्यामुळे, पाणी भरलं की आपोआप वर येते. आणि दात येताहेत म्हणून ढाळ लागलेत असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. दातांनी पाण्यासारखे ढाळ लागत नाहीत. बाळ या वयात हाताला लागेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात.

एक मात्र सगळ्या आयांनी ध्यानात ठेवा. निव्वळ अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाची शी पातळ, पिवळी, दाणेदार असते आणि दिवसातून पाच-सहा वेळाही होते. ते ढाळ नव्हेत. नेहमीपेक्षा अचानक जास्त वेळा आणि पाण्यासारखी व्हायला लागली, म्हणजे ढाळ.

आता तुझा दुसरा प्रश्न, कळणार कसं. लंगोट मोज. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट शूनं ओले होत असतील तर पाणी पुरतंय. ढाळात शी-शू एकत्र होते, मुलींच्यात तर ओळखूच येत नाही. त्यावर एक युक्ती आहे, लंगोटाच्या पुढच्या बाजूला स्वच्छ कापसाचा छोटा बोळा ठेव. तो ओला आणि नुसता पिवळट झाला म्हणजे शू. बाजारचा डायपर या दिवसांत वापरू नकोस, तो सगळं गिळून टाकतो आणि आईला काही कळू देत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर शूला एक रेघ आणि शीला एक फुली मार. सासूबाईंनाच हे काम दे. त्यांचं लक्ष फार बारीक असतं, आणि रेघा वाढताना दिसल्या की त्यांनाही दुधावर विश्वास बसेल.

शूचा रंग गडद होणं, ओठ-जीभ कोरडी पडणं, रडताना डोळ्यांत पाणी न येणं, डोळे आणि टाळू खोल जाणं, या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना. पोटावरची कातडी दोन बोटांनी हलकी उचलून सोड. लगेच सपाट झाली तर ठीक, हळूहळू गेली तर पाणी कमी आहे. वजन सगळ्यात खरं सांगतं. लसीच्या वेळी तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदींच्या कार्डावर, लिहिलेलं वजन बघ आणि अंगणवाडीच्या काट्यावर आज करून घे. सहा किलोच्या बाळाचं वजन दोन दिवसांत ३०० ग्रॅमनं उतरलं तर पाणी कमी पडलंय, ६०० ग्रॅमनं उतरलं तर जिवाला धोका आहे.

आणि या गोष्टींना रात्र-दिवस, पाऊस, सण काही बघायचं नाही: सहा-आठ तासांत एकही शू नाही, हलवलं तरी डोळे उघडत नाही किंवा अंग सैल पडलंय, हात-पाय गार, प्रत्येक घोट ओकतेय, उलटी हिरवी, शीत रक्त, फिट, एका मिनिटात पन्नास किंवा जास्त श्वास किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप एवढंच कारण पुरे. १०८ ला फोन कर. रेंज नसेल, आणि जांबोटी-कणकुंबीच्या रानात ती नसतेच, तर शेजाऱ्याच्या गाडीवर निघ. वाटेत चमच्यानं देत राहा आणि छातीशी धरून ठेव. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे, पण घाटाच्या बाजूच्या गावांतून आधी खानापूर गाठण्यातच पावसाळ्यात वेळ जातो, म्हणून "थोडं बघूया" म्हणायची मुभा तुम्हाला शहरातल्यांपेक्षा कमी आहे.

दवाखान्यात डॉक्टर किंवा सिस्टर कन्नडच बोलणाऱ्या असतील तर संकोचून गप्प बसू नकोस. चार वाक्यं पाठ कर. "मगुविगे भेदी आगुत्तिदे", म्हणजे बाळाला ढाळ लागलेत. उलटीला वांती, तापाला ज्वर. "हालु कुडियुत्तिल्ल", दूध पीत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "बेळग्गेयिंद मूत्र होगिल्ल", सकाळपासून शू झालेली नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की कुठलीही सिस्टर हातातलं काम टाकून बाळाकडे बघते, मी स्वतः तशीच बघायचे. नाहीतर दिनदर्शिकेचं पान फाडून सोबत ने. रेघा आणि फुल्या कुठल्याही भाषेत वाचता येतात.

तापाचे थेंब घरात कुणाच्या उरलेल्या बाटलीतून देऊ नकोस. पॅरासिटामॉल थेंबांत आणि पातळ औषधात वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, मापाची गल्लत झाली तर यकृताला इजा होते. वजनावरून डॉक्टर लिहून देतील तेवढंच.

तुझ्या खाण्याबद्दल थोडक्यात. तहान लागेल तेवढं पाणी पी, बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं हे विसरून जा. ताप असेपर्यंत पेज, नाचणीचं आंबील, हुलग्याचं कढण, मऊ भात, जे जाईल ते खा. तू काय खाल्लंस त्यानं लेकीचे ढाळ वाढत नाहीत, म्हणून तुला कुणी नुसत्या कोरड्या भाकरीवर ठेवू नये. गार काही खाल्लंस तर दुधातून तिला सर्दी होत नाही.

दवाखान्यातून तुला झिंकच्या गोळ्या दिल्यात ना, त्या शी थांबली म्हणून बंद करू नकोस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी. चमचाभर तुझ्या दुधात विरघळवून द्यायची, पूर्ण चौदा दिवस. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा ढाळ लागण्याचा संभव त्यानं कमी होतो. उरलेल्या गोळ्या डब्यात नीट ठेव, पावसाळी हवेत त्या ओलावतात. तुझ्या तायी कार्डावर रोटाव्हायरसच्या, म्हणजे ढाळाच्या लसीच्या, थेंबांचे तीनही शिक्के आहेत का तेही बघ. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे असतात. एखादा राहिला असेल तर गुरुवारी लसीला जाशील तेव्हा आशाताईंना दाखव, आणि तिथेच काट्यावर लेकीचं वजन करून आकडा मला फोनवर सांग.